प्रदर्शन उतरल्यानंतर : पारशी वारशाच्या छापील प्रदर्शन-सूची आणि मराठी अभ्यासक

कलाप्रदर्शनाला मुदत असते. ठरलेल्या दिवशी भिंतींवरील चित्रे उतरविली जातात, काचेच्या पेट्या रिकाम्या होतात, आणि वस्तू जेथून आल्या तेथे परत जातात : संग्रहालयाची संग्रहालयाकडे, ग्रंथालयाची पोथी ग्रंथालयाकडे, घरातील साडी घरातील कपाटाकडे. त्या काही आठवड्यांपुरत्या ज्या वस्तू एकमेकींच्या शेजारी होत्या, त्या पुन्हा तशा एकत्र येण्याचा संभव फार थोडा असतो. मागे उरते ते प्रदर्शनानिमित्त छापलेले पुस्तक. मराठीत त्याला ‘सूची’, ‘तालिका’ किंवा सरळ ‘कॅटलॉग’ असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात ‘प्रदर्शन-सूची’ हा शब्द वापरला आहे.

जरथुश्त्री, म्हणजे व्यवहारात आपण ज्याला पारशी म्हणतो त्या, सांस्कृतिक वारशाविषयी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मुंबई, लंडन आणि दिल्ली येथे महत्त्वाची प्रदर्शने झाली व त्यांना जोडून मोठ्या आकाराचे ग्रंथ निघाले. या ग्रंथांचे स्वरूप कोणते, ते कसे वाचावेत, आणि मराठी अभ्यासकाला त्यांतून काय घेता येईल व त्यांत काय घालता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे. पारशी समाजाची भारतातील लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ६९,६०१ होती. २०११ मध्ये ती ५७,२६४ झाली. घरे मिटत जातात तशा घरांतील वस्तू विखुरतात. अशा वेळी छापील नोंद ही वस्तूच्या अस्तित्वाचा एकमेव पुरावा ठरू शकते. म्हणून हा विषय केवळ ग्रंथसंग्राहकांच्या आवडीचा राहत नाही.

१. जबलपूरहून पाहताना

पारशी वारसा म्हटला की मुंबई, नवसारी, उदवाडा ही नावे पुढे येतात. जबलपूरच्या ओमतीसारख्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मार्च १८७० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे आणि ईस्ट इंडियन रेल्वे या दोन मार्गांची जोडणी जबलपूर येथे झाली आणि मुंबई-कलकत्ता हा सलग लोहमार्ग सुरू झाला. या मार्गाने मुंबईचा माल आला, तसे मुंबईचे व्यापारीही आले. नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. नागपूर आणि जबलपूर १८६१ पासून १९५६ पर्यंत, नावे व सीमा बदलत गेल्या तरी, एकाच प्रांताचे भाग होते.

आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी सिद्ध केलेला मध्य प्रांतातील जातिजमातींचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हिरालाल हे जबलपूरशेजारच्या कटनी-मुडवाऱ्याचे. या ग्रंथाच्या पहिल्या खंडात पारशी धर्मावर स्वतंत्र प्रकरण आहे. १९११ मध्ये मध्य प्रांतात पारशांची संख्या सुमारे १,८०० होती, ते मुंबईकडून आले, मोठ्या शहरांत राहिले आणि मद्यनिर्मिती व विक्री, कापसाच्या गिरण्या, कारखाने अशा व्यवसायांत होते, अशी माहिती तेथे मिळते. म्हणजे एका पिढीचे पारशी आणि मराठी लोक या प्रांताच्या शहरांत एकाच प्रशासनाखाली आणि एकाच लोहमार्गावर नांदले.

तथापि रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथात वस्तू नाहीत. तेथे श्रद्धा, विधी, संख्या आणि व्यवसाय आहेत; पारशी घरात कोणते तोरण लावीत, लग्नात कोणती साडी नेसत, पोथी कोणत्या लिपीत असे, भिंतीवर कोणाचे चित्र होते, हे त्यातून कळत नाही. जनगणना माणसे मोजते. प्रदर्शन-सूची त्या माणसांच्या हातांतील वस्तू मोजते. पहिल्या प्रकारचे साधन मध्य भारतासाठी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तयार झाले. दुसऱ्या प्रकारचे साधन मुंबई आणि दिल्ली येथे कसे घडले, हे आता पाहू.

२. प्रदर्शन-सूचीचे दोन प्रकार

सूचीचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. पहिला प्रकार म्हणजे चित्रांची यादी. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांतून या प्रकाराची सवय मुंबईच्या रसिकांना लागली. चित्राचा क्रमांक, चित्रकाराचे नाव, शीर्षक, माध्यम आणि विक्रीची किंमत, एवढेच यात असते. अशी पुस्तिका हातात धरून दालनातून फिरायचे आणि बाहेर पडल्यावर ती टाकून द्यायची. परंतु नेमक्या याच टाकाऊ पुस्तिकांवरून कोणत्या वर्षी कोणी काय मांडले हे पुढच्या संशोधकाला समजते.

दुसरा प्रकार विद्वत्सूचीचा. यात प्रारंभी वस्तू उसन्या देणाऱ्यांचा नामनिर्देश, नंतर संयोजकांचा दीर्घ लेख, विषयतज्ज्ञांचे निबंध, नकाशा व कालपट, त्यानंतर प्रत्येक वस्तूची क्रमांकित नोंद आणि शेवटी शब्दसंग्रह व निर्देशसूची असते. या ग्रंथाचा कणा म्हणजे ती क्रमांकित नोंद होय. नोंदीत वस्तूचे नाव, निर्मितीचे स्थळ व काळ, द्रव्य, मोजमाप, सध्याचा मालक आणि वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याचा इतिहास सांगावा लागतो. यांतील शेवटची बाब सर्वांत कठीण व सर्वांत मोलाची असते. निबंध कालांतराने जुने होतात, मते बदलतात. मोजमाप आणि मालकीचा इतिहास मात्र पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो.

३. काही प्रमुख ग्रंथ

या परंपरेची पायाभरणी एका अशा ग्रंथाने केली जो काटेकोर अर्थाने प्रदर्शन-सूची नव्हता. फिरोझा गोदरेज आणि फिरोझा पंथकी मिस्त्री यांनी संपादित केलेला ‘अ झोरोॲस्ट्रियन टॅपेस्ट्री : आर्ट, रिलिजन अँड कल्चर’ हा २००२ मधील ग्रंथ धर्म, वास्तू, वस्त्र, चित्र आणि व्यापार या सर्वांना एका बांधणीत आणणारा आहे. याच दोन विदुषींनी २०१३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ‘ॲक्रॉस ओशन्स अँड फ्लोइंग सिल्क्स’ हे प्रदर्शन सिद्ध केले. कँटन ते मुंबई हा अठराव्या ते विसाव्या शतकातील प्रवास हा त्याचा विषय होता. त्याच सुमारास मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये नॅन्सी अदजानिया आणि रणजित होस्कोटे यांनी ‘नो पारसी इज ॲन आयलंड’ या शीर्षकाखाली दीडशे वर्षांतील पारशी कलावंतांचे पुनर्वाचन मांडले. डिसेंबर २०१३ मध्ये जागतिक जरथुश्त्री परिषद मुंबईत भरली होती आणि ब्रिटिश म्युझियममधील सायरसचा मातीचा अभिलेख त्याच महिन्यात वस्तुसंग्रहालयात दाखल झाला होता. त्यामुळे एका हंगामात इराणचा प्राचीन काळ, चीनचा व्यापार आणि आधुनिक कला हे तीनही टप्पे मुंबईकरांना पाहता आले.

लंडनमध्ये २०१३ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेच्या ब्रुनेई गॅलरीत ‘द एव्हरलास्टिंग फ्लेम : झोरोॲस्ट्रियनिझम इन हिस्टरी अँड इमॅजिनेशन’ हे प्रदर्शन झाले. सारा स्ट्यूअर्ट यांच्या संपादनाखाली निघालेली त्याची सूची हा या विषयावरील प्रमाणग्रंथ मानता येईल. हेच प्रदर्शन २०१६ च्या मार्च ते मे महिन्यांत दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आले. केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयाच्या ‘हमारी धरोहर’ योजनेचे त्याला पाठबळ होते. त्याच वेळी इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात ‘थ्रेड्स ऑफ कंटिन्यूइटी’ हे जरथुश्त्री जीवन व संस्कृती यांवरील प्रदर्शन, आणि दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पारशी व्यापारी व चित्रकला यांवरील प्रदर्शने भरली. ‘थ्रेड्स ऑफ कंटिन्यूइटी’मागे युनेस्कोच्या साह्याने सुरू झालेला पारझोर हा प्रकल्प आणि त्याच्या प्रमुख शेरनाझ कामा यांचे अनेक वर्षांचे संकलन होते.

या मालिकेत सुरतच्या टॅपी संग्रहावर आधारलेला ‘पिओनीज अँड पॅगोडाज’ हा २०१० मधील ग्रंथही ठेवला पाहिजे. शिल्पा शाह आणि तुलसी वत्सल यांचा हा ग्रंथ पारशी भरतकामाच्या एका खाजगी संग्रहाची सूची आहे आणि वस्त्रांच्या नोंदी कशा कराव्यात याचा तो उत्तम नमुना आहे.

४. एक नोंद कशी वाचावी

नोंदीचे सामर्थ्य एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लंडनच्या प्रदर्शनातील एक महत्त्वाची वस्तू म्हणजे ब्रिटिश लायब्ररीतील कागदाचा एक तुकडा. दिसायला तो सामान्य आहे. सोने नाही, चित्र नाही. तो चीनच्या पश्चिम सीमेवरील डुनह्वांग येथील गुहेतून ऑरेल स्टाइन यांना मिळाला. लिपी सोग्दी आहे, काळ सुमारे नववे शतक. त्याच्या आरंभी ‘अशेम वोहू’ ही जरथुश्त्री प्रार्थना आहे आणि तिचे भाषिक रूप प्रचलित अवेस्ता पाठाहून जुने आहे. जरथुश्त्री धर्मवाङ्मयाच्या उपलब्ध अन्य हस्तलिखितांपेक्षा हा तुकडा सुमारे चार शतकांनी अगोदरचा ठरतो.

दालनातून चालणारा प्रेक्षक या कागदासमोर फार काळ थांबणार नाही. सूची वाचणारा मात्र थांबतो, कारण स्थळ, लिपी व काळ या तीन कोरड्या तपशिलांतून एक मोठे विधान उभे राहते : जी प्रार्थना आज मुंबईच्या पारशी घरात मूल पाठ करते, ती हजार-अकराशे वर्षांपूर्वी रेशीममार्गावरील सोग्दी माणसाने आपल्या लिपीत उतरवून ठेवली होती. धर्माचा इतिहास इराण ते गुजरात अशा एकाच रेषेत सांगण्याची आपल्याला सवय आहे. हा तुकडा ती रेषा पूर्वेकडे वळवितो.

दुसरी नोंद १६४७ मध्ये इराणातील यझ्द येथे लिहिलेल्या वंदिदाद सादेच्या हस्तलिखिताची. जरथुश्त्री धर्मग्रंथांची हस्तलिखिते सहसा अलंकृत नसतात. ती पठणासाठी असतात. या प्रतीत मात्र रंगीत वृक्षचित्रे आहेत. ‘अलंकृत’ हा एक शब्द नोंदीत आल्याने अपवाद आणि नियम दोन्ही कळतात. नोंद वाचण्याची रीत ती हीच : वस्तू काय आहे हे जाणून घेतल्यावर, तिच्या वर्गातील इतर वस्तू कशा असतात हे विचारायचे.

५. वस्तूंची नावे

वरील सर्व ग्रंथ इंग्रजीत आहेत. त्यांचा वाचकवर्ग जगभर पसरलेला असल्याने ते योग्यच आहे. परंतु वस्तूचे नाव इंग्रजीत गेले की तिच्याभोवतीचे घर गळून पडते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पारशी गाऱ्याचे उदाहरण घेऊ. चीनमध्ये रेशमावर भरलेली आणि नंतर भारतातही भरली जाऊ लागलेली ही साडी. तिच्यावरील नक्षीला पारशी स्त्रियांनी आपली नावे दिली. चिनी स्त्री-पुरुष, पूल आणि देवालये असलेली ती ‘चीना-चीनी’. पक्ष्यांच्या जोडीची ‘चकला-चकली’. कोळ्यासारखी दिसणारी ‘करोळिया’. लहानमोठ्या ठिपक्यांची ‘कांदा-पापेटा’. चिनी कारागिराने जे भरले ते त्याच्या परंपरेतील शुभचिन्ह असेल. सुरत-मुंबईच्या गृहिणीने त्यात स्वयंपाकघरातील कांदेबटाटे पाहिले. इंग्रजी नोंदीत ‘ठिपक्यांची नक्षी’ एवढे लिहिले तर वर्णन अचूक राहते, पण दोन संस्कृतींची जी गाठ त्या नावात बसली आहे ती सुटते. चांगल्या सूची म्हणूनच स्थानिक नाव प्रथम देतात आणि वर्णन नंतर.

येथे मराठी वाचकाची एक विशेष सोय आहे. ‘कांदा’ त्याला समजावून सांगावा लागत नाही. ‘चकली’ म्हणजे चिमणी हे एकदा सांगितले की पुरे. तोरण, रांगोळी, कुंकू या वस्तू पारशी घरात आहेत आणि मराठी घरातही. पारशी दारावरचे तोरण पुष्कळदा काचमण्यांचे विणलेले असते. उंबऱ्यावरची रांगोळी छिद्रे पाडलेल्या डब्यांच्या छापांनी उमटविली जाते आणि तीत मासा हे शुभचिन्ह येते. मंगलप्रसंगी मांडले जाणारे चांदीचे तबक म्हणजे ‘सेस’. त्यात गुलाबपाण्याची झारी, खडीसाखरेसाठी शंकूच्या आकाराचे पात्र आणि कुंकवाची ‘पिगाणी’ असते. इंग्रजी सूचीला या प्रत्येकासाठी एक वाक्य खर्च करावे लागते. मराठी सूची ते वाक्य वाचवून फरकाकडे वळू शकेल : हळदीकुंकवाच्या तबकाशी सेसचे साम्य कोठे संपते, आणि मासा कोठून आला.

काही शब्द मात्र समजावून द्यावेच लागतात. कुस्ती हा शब्द मराठी वाचकाला आखाड्यात नेतो. पारशी कुस्ती म्हणजे लोकरीची विणलेली पवित्र दोरी. तिचे बहात्तर धागे यस्नाच्या बहात्तर अध्यायांचे निदर्शक मानले जातात. सुद्रेह हा पांढरा सुती सदरा, आणि त्याच्या गळ्याशी शिवलेला छोटासा खिसा हा सत्कर्मांची थैली मानला जातो. प्रदर्शनात सदरा सदऱ्यासारखाच दिसतो. खिशाचा अर्थ सूचीच सांगते.

नावांच्या बाबतीत आणखी एक शिस्त आवश्यक आहे. ‘तनछोई’ या रेशमी वस्त्राची व्युत्पत्ती अशी सांगितली जाते की, सर जमशेटजी जीजीभॉय यांनी सुरतेचे तीन विणकर बंधू चीनला पाठविले, आणि त्या तिघांच्या व त्यांच्या चिनी गुरूच्या नावावरून हा शब्द आला. कथा सुंदर आहे. पण नोंदीत ‘सांगितले जाते’ आणि ‘सिद्ध झाले आहे’ यांतील अंतर राखलेच पाहिजे. सूचीतील वाक्य पुढील पन्नास वर्षे उद्धृत होत राहते. म्हणून तेथील सैल शब्द अन्यत्र वापरलेल्या सैल शब्दाहून अधिक हानी करतो.

६. अफू आणि अग्नी

प्रदर्शनात काही गोष्टी ठेवता येत नाहीत आणि काही ठेवायला संकोच वाटतो. या दोहोंत सूचीची कसोटी लागते.

चिनी चित्रकारांनी रंगविलेली पारशी व्यापाऱ्यांची व्यक्तिचित्रे, काचेच्या मागील बाजूने रंगविलेली चित्रे, चिनी मातीची भांडी आणि गारे यांचे वैभव ज्या व्यापारातून आले, त्यात कापसाबरोबर अफू होती. सर जमशेटजी (१७८३–१८५९) यांच्या चीनच्या व्यापारातही ती होती. १८०५ च्या सफरीत फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले तेव्हा त्यांची विल्यम जार्डिन यांच्याशी ओळख झाली आणि पुढे दोघांचे व्यापारी संबंध दृढ झाले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मुंबईतून जाणारी ती अफू मुख्यतः माळव्याची, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या पश्चिम भागाची. म्हणजे कँटनच्या चित्रशाळेतील एखाद्या व्यक्तिचित्राच्या मागे माळव्याचा शेतकरी उभा आहे. ‘चीनचा व्यापार’ या सौम्य शब्दाने हे झाकले जाते. त्याच संपत्तीतून मुंबईचे रुग्णालय उभे राहिले आणि १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली, हेही तितकेच खरे आहे. चांगली नोंद दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात सांगते आणि निवाडा वाचकावर सोपविते.

दुसरा प्रश्न पवित्र स्थळांचा. भारतातील अग्यारीत अन्यधर्मीयांना प्रवेश नसतो. प्रतिष्ठित अग्नी प्रदर्शनात ठेवता येत नाही, आणि त्याचे चित्र वस्तूची जागा घेऊ शकत नाही. लंडनच्या प्रदर्शनात यावर उपाय म्हणून अग्यारीच्या अंतर्भागाची प्रतिकृती उभारली होती; ज्यांना आयुष्यात कधी आत जाता आले नसते त्यांना रचना समजली आणि धर्मनियमही पाळला गेला. प्रतिकृती प्रदर्शनाबरोबर मोडली जाते. तिचे छायाचित्र, आराखडा आणि ती का उभारावी लागली याचे स्पष्टीकरण सूचीत राहते. न दाखविण्याचे कारण नोंदविणे हाही दस्तऐवजच होय.

७. कालगणनेची अडचण

मराठी अभ्यासकाने या विषयात शिरताना एक गणित शिकून घ्यावे. पारशी पोथ्यांच्या पुष्पिकांत आणि शिलालेखांवर तारीख यझ्दगर्दी सनात असू शकते. तिसऱ्या यझ्दगर्दच्या राज्यारोहणापासून, म्हणजे इ. स. ६३२ पासून, हा सन मोजतात. वर्ष ३६५ दिवसांचे : तीस दिवसांचे बारा महिने आणि अखेरचे पाच गाथा-दिवस. महिन्याच्या प्रत्येक दिवसाला स्वतंत्र नाव आहे; त्यामुळे तारीख ‘रोज’ अमुक, ‘माह’ अमुक अशी लिहिली जाते. शहेनशाही व कदमी या दोन पंथांत एका महिन्याचे अंतर आहे. हा भेद अठराव्या शतकाच्या मध्यास पक्का झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वर्षारंभ वसंतसंपाताशी बांधणारी फसली गणना पुढे आली.

आधुनिक काळातील शहेनशाही तारखेसाठी यझ्दगर्दी वर्षात ६३० मिळविले की नववर्षदिनाच्या वेळचे इसवी वर्ष मिळते. पुढच्या जानेवारीपासून ६३१ मिळवावे लागतात. लीप वर्ष नसल्याने नववर्ष दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकते. शकाचे आणि संवताचे गणित करणाऱ्या मराठी संशोधकाला हे अवघड नाही. परंतु मूळ तारीख, पंथ आणि रूपांतर या तिन्ही गोष्टी नोंदीत दिल्या नाहीत, तर चूक झाल्यास ती कोठे झाली हे पुढच्याला शोधता येत नाही.

८. जळालेली चित्रे आणि उरलेला ग्रंथ

छापील नोंदीच्या मोलाविषयीचा सर्वांत बोलका दाखला महाराष्ट्राच्याच भूमीवरचा आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांच्या साह्याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. या कामात पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) हे पारशी चित्रकार अग्रभागी होते. प्रतिकृती लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाकडे गेल्या, आणि १८८५ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांपैकी बऱ्याच जळाल्या. त्यापूर्वी रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या होत्या. पुढे १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचा अजिंठ्यावरील दोन खंडांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या चित्रांचे मूळ रंग अजिंठ्यात उडत गेले आणि ज्यांच्या प्रतिकृती लंडनमध्ये जळाल्या, त्यांच्यासाठी आज अभ्यासक त्या छापील पानांकडे वळतात.

पेस्तनजी, त्यांच्यानंतरचे एम. एफ. पिठावाला (१८७२–१९३७), आणि पुढील काळातील जहांगीर सबावाला, आदी दावीयरवाला, पिलू पोचखानवाला, गीव्ह पटेल ही सर्व नावे मराठी चित्रकारांच्या नावांबरोबरच मुंबईच्या कलेतिहासात येतात. रावबहादूर धुरंधर यांच्या ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ या १९४० मधील आत्मकथनासारखी मराठी साधने या कलाशाळेचे अंतरंग सांगतात. पारशी कलावंतांवरील इंग्रजी सूची आणि अशी मराठी साधने शेजारी ठेवून वाचली तर दोन्ही अधिक बोलतात. ‘नो पारसी इज ॲन आयलंड’ या शीर्षकाचा आशयही हाच : कोणताही समाज बेट नसतो. मग त्याची साधनेही एकाच भाषेत बंदिस्त असू नयेत.

९. मराठीत काय करता येईल

वरील विवेचनातून तीन कामे पुढे येतात.

पहिले काम शब्दसंग्रहाचे. गारा, कोर, झबले, सुद्रेह, कुस्ती, सेस, पिगाणी, रोज, माह अशा शब्दांचा अर्थ, उच्चार आणि मराठीतील निकटचा शब्द देणारी दोन-अडीचशे नोंदींची सूची कोणत्याही मोठ्या खर्चाशिवाय सिद्ध होऊ शकते. विद्यापीठीय अध्यासनांना हे काम सहज साधण्यासारखे आहे.

दुसरे काम संक्षिप्त मराठी आवृत्तीचे. मोठ्या आकाराची रंगीत सूची महाग असते आणि थोड्या प्रतींत निघते. प्रत्येक मोठ्या प्रदर्शनाबरोबर वस्तूंच्या नोंदी, नकाशा व शब्दसंग्रह एवढेच असलेली मराठी पुस्तिका निघाली, तर ती जिल्हा ग्रंथालयांपर्यंत आणि बृहन्महाराष्ट्रातील वाचनालयांपर्यंत पोहोचेल. ओमतीतील वाचकासाठी अशी पुस्तिका म्हणजेच ते प्रदर्शन होय, कारण दालन त्याच्या गावी येणार नाही.

तिसरे काम सर्वांत निकडीचे आणि ते महानगरांबाहेरचे आहे. प्रदर्शनांच्या वस्तू प्रामुख्याने मुंबई, नवसारी, सुरत आणि परदेशी संग्रहालयांतून येतात. रसेल-हिरालाल यांनी मोजलेल्या मध्य प्रांतातील त्या १,८०० माणसांच्या वस्तू या ग्रंथांत शोधाव्या लागतात. रेल्वेमार्गावरील आणि छावण्यांच्या गावांतील पारशी घरे, दुकाने, धर्मादाय वास्तूंवरचे दानलेख, आरामगाहांतील शिळा यांची नोंद स्थानिक अभ्यासकांनी, त्या त्या समाजाच्या अनुमतीने, केली पाहिजे. त्यासाठी कागद, मोजपट्टी, कॅमेरा आणि कालगणनेचे वरील गणित एवढी सामग्री पुरेशी आहे. नोंदीचे नमुने उपरोक्त ग्रंथांत तयार आहेत.

प्रदर्शन-सूची हा ग्रंथप्रकार दिसायला गौण आहे. तो प्रदर्शनाची शोभा वाढविण्यासाठी जन्माला येतो आणि प्रदर्शनानंतर त्याचे खरे काम सुरू होते. ज्या समाजाची संख्या घटत आहे त्याच्या बाबतीत हे काम लांबणीवर टाकता येत नाही. पारशी वारशाच्या इंग्रजी सूचींनी प्राचीन इराण, रेशीममार्ग आणि कँटन यांचा भाग उत्तम प्रकारे नोंदविला आहे. नागपूर-जबलपूरच्या वाटेवरचे पान अद्याप लिहावयाचे आहे, आणि ते लिहिण्यास लागणारी भाषा त्या वाटेवरच्या मराठी माणसाकडे आहे.